पाव कापणारे साळवेकाका

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आमच्या मजल्यावर काळ्या मनुका उकळल्याचा वास सुटायचा. नेरूळच्या आमच्या सिडकोच्या इमारतीत कोणाकडे काय शिजतंय हे लपत नाही. भिंती पातळ, दारं समोरासमोर. पण हा वास काही वेगळाच होता. गोड, किंचित आंबूस, आणि त्यात ना वेलची ना फोडणी. इथे राहायला आलो त्याच महिन्यात मी नवऱ्याला म्हटलं, "समोरचे काका घरात दारू गाळतात की काय?" नवरा म्हणाला, "चर्चला जाणारा माणूस आहे, काहीतरीच बोलू नकोस." गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. शाळेत मराठी शिकवते, प्रश्न विचारायची सवय हाडीमाशी खिळलेली. सरळ जाऊन दार वाजवलं.

दार उघडलं ते दानिएल साळवे यांनी. पासष्टीचे, बुटके, पांढऱ्या मिशा, कमरेला एप्रन आणि हातात लोखंडी मोजपट्टी. "सलाम वहिनी, या की आत," ते म्हणाले. "मनुका उकळतोय. उद्या प्रभुभोजन हाय आमच्याकडं."

टेबलावर पावाच्या लाद्या नव्हे, साध्या स्लाइसच्या पावाची पाच-सहा पुडकी उघडलेली होती. काका स्लाइसच्या चारही कडा कापत आणि उरलेल्या पांढऱ्या भागावर पट्टी ठेवून अर्ध्या अर्ध्या इंचाचे चौकोन पाडत. एकही तुकडा वाकडा नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी कापता कापताच सांगितलं, की येशूने पकडला जायच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना पाव मोडून दिला आणि प्याला फिरवला. त्याची आठवण म्हणून त्यांची मंडळी महिन्यातून एकदा पावाचा एक तुकडा आणि बोटाएवढ्या पेल्यातून घोटभर रस घेते. रस मनुकांचा, तो शनिवारी काढायचा. पाव कापायचा, पेले धुवायचे, टेबलावरच्या चादरीला इस्त्री करायची, हे सगळं काकांकडे. मी निघताना ते मला एक डबा द्यायला विसरले नाहीत. त्यात कापलेल्या कडांचा चिवडा होता, हिंग-मोहरीच्या फोडणीचा, वर शेंगदाणे. महापेच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तीस वर्षं सुपरवायझर म्हणून काढलेल्या माणसाला कडा फेकवत नसत.

मी जरा बिचकून विचारलं, "हा प्रसाद का?"

"नाय हो. प्रार्थना व्हायची हाय अजून. आत्ता नुसता पाव हाय, खावा बिनधास्त."

बारा वर्षं ते आमचे शेजारी होते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ते पुण्याला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. आता त्या घरात ऐरोलीला नोकरीला जाणारं एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. गुणी आहेत बिचारी, पण त्यांच्या दारातून नूडल्सशिवाय कसला वास येत नाही.

काकांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. सकाळी पाण्याच्या वेळेला तळमजल्याच्या आजींची पिंपं भरून देत. सोसायटीच्या माळ्याने दांडी मारली की काका पाइप घेऊन उभे. जिन्याचा कठडा पुसायला बाई ठेवलेली होती, तरी हे तिच्या मागोमाग फडकं मारत जायचे. ती बाई एकदा माझ्याकडे येऊन रडली, की काकांना माझं काम आवडत नाही. मी काकांना सांगितलं तर त्यांनी तिची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधीच सगळा जिना धुऊन ठेवला.

पण त्यांची खरी खोड कळायची ती वाटीवरून. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, हे मलाही माहीत आहे. सवडीने, आठ-दहा दिवसांनी, लाडू केले की दोन घालून द्यायचे. काकांना तेवढा धीर नसे. मी होळीला चार पुरणपोळ्या दिल्या, तासाभरात ताट परत आलं, त्यात सहा केळी. मी कोथिंबीरवडी दिली, वाटी परत आली तिच्यात खारे काजू. मला याची गंमत वाटेनाशी झाली. एकदा, त्यांच्याकडे बाजार आणलेला नाही हे नीट पाहून, मी मुद्दाम वाटीभर खीर नेऊन दिली. म्हटलं, बघू या आता काय करतात. अर्ध्या तासाने काका वाटी घेऊन दारात. वाटी रिकामी होती. मी मनात टाळी वाजवणार, तोच त्यांनी खिशातून तेलाची बाटली काढली आणि माझ्या दाराच्या करकरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घालायला लागले. दोनदा दार उघडझाप करून पाहिलं. "आता बरं वाटलं," ते म्हणाले. दार माझं, पण बरं वाटायचं त्यांना.

"काका, एखादी गोष्ट नुसती घ्या ना कधीतरी," मी म्हटलं.

"फुकटचं घशात अडकतं वहिनी आपल्या."

हे ते हसून म्हणाले, मीही हसले. या माणसाला कष्टाची सवय आहे, एवढंच मी त्यातून घेतलं.

तीन वर्षांपूर्वी जिना धुताना त्यांचा पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. पहिला रविवार चार दिवसांवर आला होता. लेक पुण्याला. शनिवारी काकांनी एका हाताने पट्टी धरायचा प्रयत्न केला आणि तीन स्लाइसचा चुरा केला. शेवटी त्यांनी मला बोलावलं. ते सांगणार, मी कापणार. मी आयुष्यात इतकी बोलणी कधी खाल्ली नव्हती. "वहिनी, ते कडंचं राहिलं. देवाचं काम हाय, सरळ पायजे." मी म्हटलं, "तुमच्या देवाला मोजपट्टी कुठून मिळाली?" त्यांनी तो तुकडा बाजूला काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी रिक्षात सगळे डबे मांडीवर घेऊन मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सकाळी सातला तमिळ उपासना, नऊला मराठी आणि अकराला इंग्रजी. त्यामुळे तमिळ मंडळी बाहेर पडायच्या आत काकांची टेबल मांडायची घाई. मी शेवटच्या बाकावर बसले. गाणी मराठीतच होती, काहींच्या चाली तर थेट आपल्या अभंगांच्या, फक्त साथीला कीबोर्ड. उपासना चालवणाऱ्या पाळकबाईंनी प्रार्थना केली. या पाळकबाई म्हणजे नलिनीताई, जालन्याकडच्या, जेमतेम चाळिशीच्या. मग मंडळीतले वडील म्हणजे पंच, ते ट्रे घेऊन बाकाबाकावरून फिरू लागले.

माझ्या पुढच्या बाकावर सुधाकर नावाचा एक पेंटर बसला होता. त्याच्या तोंडाला सकाळी नऊ वाजता वास येत होता, मला मागे बसूनही येत होता. ट्रे घेतलेल्या गृहस्थांनी नाक आक्रसलं आणि त्याला वगळून ट्रे पलीकडे नेला. सुधाकरने मान खाली घातली. तेवढ्यात भिंतीपाशी उभे असलेले काका प्लास्टरचा हात सावरत आले, त्यांनी त्या गृहस्थांच्या हातातला ट्रे मागे ओढला आणि सुधाकरपुढे धरला.

"घे रे," ते हळू आवाजात म्हणाले.

"काका, मी काल..."

"ठावं हाय मला. म्हणून तर घे."

सुधाकरने घेतलं. त्या गृहस्थांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला काकांचा इतका अभिमान वाटला की टाळ्या वाजवाव्यात. आणि मग तोच ट्रे काकांच्या पुढे आला. त्यांनी तो घेतला, वरचं फडकं सारखं केलं आणि एकही तुकडा न उचलता पुढच्या माणसाकडे दिला. पेल्यांचंही तसंच.

परत येताना रिक्षात मी विचारलंच. "काका, तुम्ही नाही घेतलं?"

"हात प्लास्टरमधी हाय ना."

"तो डावा. उजवा मोकळा होता."

काका रस्त्याकडे बघत राहिले. मी शिक्षिका आहे, पोर खोटं बोलतंय हे मला कळतं आणि ते का बोलतंय हे सहसा मागाहून कळतं.

आठवड्याने, संध्याकाळी, खाली सोसायटीच्या बाकावर ते आपणहून बोलले. त्यांची बायको सुवार्ता. मी त्यांना पाहिलेलं नाही. आम्ही राहायला येण्याआधी तीन वर्षं त्या गेल्या होत्या. त्या काळात देवळात एक भांडण झालं होतं. जुनी पेटी काढून कीबोर्ड घ्यायचा की नाही, यावर. हसू येतं ना? मलाही आलं होतं, पण काका सांगत होते तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. काका पेटीच्या बाजूचे, तेव्हाचे पाळक कीबोर्डच्या बाजूचे. कमिटीच्या सभेत आवाज चढले, कोणी कोणाची जात काढली, कोणी गाव काढलं. काकांनी देवळात जाणं सोडलं. आठ महिने.

त्याच आठ महिन्यांत सुवार्ताबाई अंथरुणाला खिळल्या. आजारी माणसाला पाळक घरी येऊन प्रभुभोजन देतात, तशी रीत आहे. त्यांनी नवऱ्याला म्हटलं, पाळकांना बोलवा, मला घ्यायचं आहे.

"मी म्हटलं, त्यो माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा नाय," काका म्हणाले. "म्हटलं, पुढच्या महिन्यात वाशीच्या पाळकांना आणतो. ती म्हणली, बरं. भांडली नाय वहिनी. भांडली असती तर बरं झालं असतं. बरं म्हणली आन् गुरुवारी गेली."

मातीला तेच पाळक आले. प्रार्थना केली, काकांच्या खांद्यावर हात ठेवला, भांडणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढच्या रविवारी काकांनी त्यांच्याकडे जाऊन प्रभुभोजनाची तयारी करायचं काम मागून घेतलं. तेव्हापासून दर महिन्याला पाव कापला, आणि त्यातला एकही तुकडा तोंडात घातला नाही.

"तिला मिळालं नाय ते मी कसं खाऊ?" ते म्हणाले. "करतोय तेवढं करतोय. एक दिस वाटंल की झालं पुरं. तवा घेईन."

"किती झालं म्हणजे पुरं होतं, काका?"

"तेच तर कळत नाय."

मी त्यांना खूप समजावलं. सुधाकरचं उदाहरण दिलं. ते म्हणाले, "सुधाकरची गोष्ट निराळी. त्याला देव माफ करतो." आता याला काय म्हणावं! पिऊन आलेल्या माणसाला ट्रे पुढे करणारा हा, स्वतःच्या बाबतीत मात्र नाक आक्रसणाऱ्या त्या गृहस्थांच्या वरताण कडक. पण घरी येऊन विचार केला तेव्हा मला हसता येईना. माझी आई गेल्यापासून मी दर सोमवारी उपास करते. का, ते मी कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. आपण देवासमोर जाताना हातात काहीतरी घेऊन जातो, आणि ते पुरेसं नाही हेही आपल्याला आतून माहीत असतं. काकांचा धर्म निराळा, माझा निराळा, पण हा खोडा एकाच लाकडाचा आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर काकांचं हृदय कमजोर झाल्याचं निघालं. चार पावलं चाललं की दम लागे. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केली. लेकीने पुण्याला न्यायचं ठरवलं, ती येणार होती मंगळवारी. त्याआधी पहिला शनिवार आला. काका उठून उभे राहिले आणि भिंत धरून तिथेच खाली बसले. त्या शनिवारी पाव मी एकटीने कापला, मनुका मी उकळल्या, आणि ते आतून विचारत राहिले, गाळलं का, दोनदा गाळलं का, चादरीच्या घड्या मोडल्या का. आयुष्यभराचं काम हातातून गेलं होतं, आणि पुरं झाल्यासारखं काही वाटलेलं नव्हतं. त्यांचे डोळे मला बघवेनात.

संध्याकाळी पाळकबाई डबे न्यायला आल्या. माझ्या जिभेला हाड नाही. जिन्यात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. कोणाचं गुपित असं फोडायचं नसतं, मला कळतं, पण हा माणूस उपाशी जाणार ही एकच गोष्ट मला दिसत होती. पाळकबाईंनी ऐकून घेतलं. "मला वाटायचं, ते मागे सगळ्यांच्या नंतर घेत असतील," एवढंच म्हणाल्या. हेल्मेट घातलं आणि गेल्या.

मंगळवारी दुपारी मी काकांना पेज भरवत होते, तर त्या आल्या. पिशवीतून एक छोटा पेला काढला आणि खालच्या डेअरीतून घेतलेलं पावाचं पुडकं. काकांच्या लगेच लक्षात आलं. ते उठायला लागले.

"चादर... वहिनी, ती कपाटातली चादर द्या. अन् पाव असा नाय पाळकबाई, कडा..."

"काका, पडून राहा," पाळकबाई म्हणाल्या. "आज तुम्ही काही करायचं नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्यांना कळलं.

"माझी तयारी नाय," ते म्हणाले. "माझं पुरं झालं नाय अजून."

"नाही होणार," त्या म्हणाल्या. मला वाटलं त्या समजूत घालतील, पण त्यांनी घातली नाही. "अजून पंधरा वर्षं कापलात तरी नाही होणार. काका, मला एक सांगा. सुवार्ताबाईंना तो तुकडा मिळाला नाही. मग देवाने त्यांना दारातून परत पाठवलं असेल का?"

"छे! ती सरळ आत गेली असंल."

"का?"

"चांगली होती ती."

"चांगली होती म्हणून?"

काका पांघरुणाची कड बोटांनी सरळ करू लागले.

"चांगली म्हणून आत घेत असतील," पाळकबाई म्हणाल्या, "तर मी आजच हा गळ्यातला क्रूस काढून ठेवते. मी तेवढी चांगली नाही. त्या आत गेल्या, कारण आत घेणारा चांगला आहे. त्याला तुमच्या पट्टीची गरज नाही, काका. त्याने तुम्हाला केव्हाच घेतलंय. तुम्हीच दाराबाहेर उभे राहून झाडलोट करताय."

त्यांनी पावाची स्लाइस मधोमध मोडली, कडेसकट. हातानेच. एक वेडावाकडा तुकडा तोडला, बारीकशी प्रार्थना म्हटली आणि काकांसमोर धरला. काकांचा हात पांघरुणावर होता. तो वर यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मी मनातल्या मनात माझ्या सगळ्या देवांना म्हणत होते, घेऊ दे, एवढं घेऊ दे.

त्यांनी तुकडा घेतला, तोंडात घातला, चावला. कॅन्टीनचा माणूस कुठे जातो! "शिळा हाय पाव," ते पुटपुटले. मग पेल्यातला घोट घेतला. रिकामा पेला छातीवर धरून छताकडे बघू लागले.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, काका."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज न करता, दोन्ही बाजूंनी कानांत. "एवढंच होतं गं," ते म्हणाले. पाळकबाईंना नव्हे, मलाही नव्हे. "एवढंच होतं गं सुवार्ता, आन् मी तुला..." पाळकबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मग पाळकबाई प्रार्थना करायला लागल्या. डोळे मिटायची मला सवय नाही, म्हणून मी काकांकडे बघत होते. प्रार्थना निम्म्यावर आली असेल, त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलली. मी घाबरून पुढे झाले. पण छाती नीट वर-खाली होत होती, ओठ जरासे उघडे होते. पाळकबाईंनी डोळे उघडले, बघितलं, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. चपला हातात घेऊन त्या जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी पुण्याहून लेक आली, तेव्हाही काका झोपलेलेच होते. तिने कपाळावर हात लावून पाहिला आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "बाबा दिवसाचे कधी झोपत नाहीत. झोपेची गोळी दिली होती का?"

"नाही गं," मी म्हटलं. "तसेच झोपलेत."